एका कामाची तीन नावं

केशव गोतमारे दुसऱ्यांदा घरी आला, त्याच रविवारी सिंधूताईंनी मनात त्याचं खातं उघडलं. भाची प्रेमलतासाठी सांगून आलेलं स्थळ; मुलगा नीटस, अजनीच्या रेल्वे शेडमध्ये पक्की नोकरी, आईवडील गावाकडे, मागणं काहीच नाही. जमेची बाजू अशी काठोकाठ भरलेली दिसली की सिंधूताईंना धास्ती वाटे. एवढा चांगला माल आजवर कुणी उचलला कसा नाही?

याचं उत्तर परसात असावं, असं त्यांना वाटायला लागलं. कारण केशव सारखा परसात जात होता.

धरमपेठेतल्या त्या घराला मागे लांबट परस होतं. टोकाला टिनाच्या दाराचा संडास आणि त्याच्या अलीकडे, जामाच्या झाडाखाली, कुंपणाची भिंत. बाप्या माणसांचं हलकं काम त्या भिंतीशीच उरकायचं. एवढ्याशासाठी करकरणारं टिनाचं दार कोण उघडतो!

केशव जायचा तो सांगून जायचा. सिंधूताईंना खटकलं ते हेच. त्यांचे यजमान आनंदराव ओसरीवर बसले होते, त्यांना तो डोळा बारीक करून म्हणाला, "काका, जरा लीक घेऊन येतो." थोड्या वेळाने प्रेमलताला हळूच, "पी करून आलोच." आणि चहा झाल्यावर खुद्द सिंधूताईंसमोर करंगळी वर करून, मान खाली घालून, "काकू, नंबर वन."

तो गेल्यावर सिंधूताईंनी भाचीला गाठलं. प्रेमलता त्यांच्या भावाची मुलगी, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढलेली.

"प्रेमा, इकडे ये वं. पी म्हनजे काय?"

प्रेमलताने पदर तोंडाला लावला. "लघवी, आत्या."

"आन् लीक?"

"तेच."

"आन् ते करंगळीवालं?"

"तेही तेच."

"मंग एका कामाले तीन नावं काहून?"

"जसं मानूस तसं नाव असते. पी घरातल्यात, दोस्तांत चालते. नंबर वन म्हनजे इंग्रजी शाळेतले लेकरं मास्तरीनले सांगतात तसं, त्यात लाज राहते. लीक मात्र बाप्यांच्या गप्पांतलं. थोडं चावट. शेडमधले ड्रायव्हर सारे अँग्लो-इंडियन, त्यांच्याच संगतीत तो शिकला. तुझ्यासमोर त्यानं लीक म्हटलं नाही, हे पाहिलं ना?"

"पाहिलं वं," सिंधूताई म्हणाल्या. "सारंच पाहून राहिली मी."

भाची त्यात अदब पाहत होती. सिंधूताईंना त्यात हिशेबातली लबाडी दिसत होती. एकच मोठा खर्च लपवायचा असला की व्यापारी तो तीन नावांखाली वाटून टाकतो. थोडा हमालीत, थोडा चहापाण्यात, थोडा किरकोळीत. कुणी बेरीज करत नाही. या पोरानेही तेच केलं होतं. काकांच्या हिशेबी एक खेप, प्रेमाच्या हिशेबी एक, काकूंच्या हिशेबी एक. सगळ्या खेपा एकत्र करणारं या घरात एकच डोकं होतं.

आणि ते डोकं काय शोधत होतं, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. प्रेमलताचा बाप साखरेच्या आजाराने गेला होता. तो लघवीला जायचा त्या मोरीपाशी मुंग्यांची रांग लागायची, तेव्हा घरातल्या बायका साखरेचा डबा कुठे सांडला ते शोधत बसायच्या. मुंग्या कशाला येतात हे सिंधूताईंना कळलं, तोवर भावाचा पाय काळा पडला होता. मागे राहिली ती ही पोरगी. तिला पुन्हा त्याच दुखण्याच्या दारात नेऊन उभी करायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आनंदरावांना त्यांनी नुसतं चाचपून पाहिलं. "पोरगा लय वेळा जाते, नाही?"

"पानी पेते, जाते. तुझ्या पोटात काहून दुखून राहिलं?"

पुढच्या रविवारी सकाळीच सिंधूताईंनी जामाखालची जमीन बादल्या ओतून धुतली, खराट्याने लख्ख केली. एक मुंगी राहू दिली नाही. दुपारी केशव आला तेव्हा त्याच्यासमोर ताकाचा तांब्या ठेवला. तो नको म्हणाला नाही. तेही त्यांनी त्याच्या नावे टाकलं. दुसरा तांब्या ठेवला. तोही त्याने संपवला.

"घ्या ना अजून."

"काकू, आता जागा नाही," तो म्हणाला आणि करंगळी वर करून उठला.

त्या दुपारी तो पुन्हापुन्हा उठला. सिंधूताई समोरच्या खोलीतून हलल्या नाहीत. हिशेब तपासायचा असला तरी कुठे डोकावायचं आणि कुठे नाही, याची रीत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जामाखाली गेल्या. भिंतीच्या बुडापासून काळ्या मुंग्यांची रांग निघाली होती, चांगली भरघोस, जशी कुणी गुळाचा खडा ठेवून बोलावली असावी.

त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या. "प्रेमा, त्या पोराले नाही म्हनून कळवून टाकू."

प्रेमलताची पोळी तव्यावरच राहिली. "काहून?"

सिंधूताईंनी तिला हाताला धरून परसात नेलं आणि रांग दाखवली. सांगायची गरज पडली नाही. बापाच्या वेळची मोरी पोरीला आठवत होती. ती खाली बसली, मुंग्यांकडे पाहत राहिली. मग उठून म्हणाली, "आत्या, केशव इथं उभाच राहिला नाही."

"तुले काय माहीत?"

"मी खिडकीतून पाहून राहिली होती."

"बेशरम! लाज नाही वाटत?"

"तू नव्हती का मोजून राहिली? तो दर खेपेले टिनाचं दार उघडून आत गेला. कडी लागत नव्हती तं आतून दार धरून खोकत राहिला. उघड्यावर उभं राहिलं की शेडमधले लोक नावं ठेवतात म्हने."

"खोटं बोलून राहिली तू. त्याच्यासाठी."

"बापाचं मरन पाह्यलं मी. या गोष्टीत खोटं बोलीन?"

सिंधूताईंनी तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"मंग इथं कोन—" त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

घरात दुसरा बाप्या एकच होता. पोराने दर खेपेला तोंडाने नाव घेतलं, म्हणून ती खेप मोजली गेली. आनंदरावांनी लग्न झाल्यापासून या कामाला कधी नावच दिलं नव्हतं. ना मराठीत, ना इंग्रजीत. उठायचे, जायचे, यायचे. नाव नसलेला खर्च सिंधूताईंनी कधी मांडलाच नव्हता.

त्यांनी टिनाचं दार उघडून आतही पाहिलं; तिथे एकही मुंगी नव्हती. "केशवले या रविवारी बोलाव," त्या म्हणाल्या. "याद्या करून टाकू."

 प्रेमलताही आता ओसरीकडेच पाहत होती.

आनंदराव पेपर वाचत बसले होते. शेजारी रिकामा तांब्या. सिंधूताई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, तशा त्या सकाळच्या वेळी कधी बसत नसत.

"अवो, दिवसातून किती खेपा होतात तुमच्या?"

"कायच्या?"

"परसातल्या."

"हे काय इचारनं झालं सकाळी सकाळी? लाजशरम आहे का नाही तुले?"

"लाज वाटत असन तं इंग्रजीत सांगा."

आनंदराव हसले नाहीत. त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"रात्रीच जास्त होते," ते म्हणाले. "तुझी झोप मोडू नये म्हनून चपला हातात घेऊन जातो."