दिलेलं लिहायचं नसतं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चपलेला माती न लावता, वसाहतीच्या कचेरीतल्या खुर्चीतून न उठता लिहिलंत : 'घरामागील जागा पडीक, लागवड नाममात्र.' खाली सही ठोकलीत, शिक्का मारलात आणि चहा मागवलात. १९९८ सालचा ऑगस्ट होता. तुम्ही चहा फुंकत होतात, तेव्हा त्याच पडीक जागेत नवसाबाई कमरेत वाकून गवारीच्या शेंगा खुडत होती आणि ओटी भरली म्हणून सुनेला टोपली आणायला हाका मारत होती.

नवसाबाई इगतपुरीकडची. लग्न होऊन नाशकात आली ती कामगार वसाहतीतल्या या शेवटच्या घरात. घराच्या मागं अर्धा गुंठा जागा, नुसता मुरूम. नवरा कोंडाजी पहिली पाळी करून यायचा आणि दोघं मिळून गाळाची माती पाट्या-पाट्यांनी आणून टाकायची. वसाहतीच्या जुन्या कागदात एक अट होती : मागची जागा जो लागवड करून राखील, त्याच्याकडे राहील. ती अट तुमच्याच कचेरीची. आता तिथं काँक्रीट ओतून गाड्यांसाठी शेड घालायची तुम्हाला घाई झाली, म्हणून ही लागवड नाममात्र झाली.

नोटीस धाडून पुरावा मागितलात. नवसाबाईकडे पुरावा होता. शेजारणींना वाटत होतं तसली ती अडाणी नव्हती. ब्याण्णव साली साक्षरता वर्गात ती पन्नाशीत अक्षरं शिकली. बाई म्हणाल्या, रोज दोन ओळी लिहा. लिहायचं काय? तिनं भाजी लिहिली. 'सोमवार. वांगी एक सूप. दोडके सात.' 'गुरुवार. मेथी तीन जुड्या. पालक उगवला नाही.' सहा वर्षांत तीन वह्या भरल्या. अक्षर आधी डोंगरासारखं चढउतार करणारं, पुढं पुढं सरळ.

ती तुमच्या टेबलाशी उभी राहिली. सून स्नेहल शेजारी. तुम्ही वही चाळलीत.

"आठवड्याला एक सूप वांगी? अर्ध्या गुंठ्यात? आजी, एवढी तर गच्चीवरच्या डब्यात होतात."

स्नेहलनं सासूकडं बघितलं.

"पंधरा दिवस देतो," तुम्ही म्हणालात. "आणखी काही असेल तर आणा. नाहीतर जागा मोकळी करा."

शहरबसमध्ये स्नेहलचा तोल सुटला. "आई, परवा बारा दोडके तोडले, मी होते ना तिथं! वहीत पाचच कसे?"

"पाच घरात आले."

"आणि सात?"

"ते वाटले की."

"मग ते लिहायचे नाहीत?"

"दिलेलं लिहायचं असतं व्हय?" नवसाबाईला खरोखर आश्चर्य वाटलं. "माझी आय म्हणायची, उंबऱ्याबाहेर गेलं ते मोजू नाय. मोजलं की ते दिलंच नाय असं होतं. आपल्या चुलीवर आलं तेवढंच आपलं."

स्नेहलनं डोक्याला हात लावला. जागेतलं दहा आणे पीक वसाहतीत जात होतं आणि वहीत सहा आणेच उतरत होतं. म्हातारीनं आपल्या हातानं, सुवाच्य अक्षरात, स्वतःविरुद्ध साक्ष लिहून ठेवली होती.

"आता आठवून लिहू. सांगा, कुणाकुणाला दिलं?"

"मी नाय सांगणार."

"जागा जाईल आई!"

"जाऊ दे. पन आयच्या बोलाला बट्टा लावून नाय राखायची."

पण रात्री ती पुन्हा पुन्हा उठून मागच्या दारातून जागेकडं बघत राहिली. ती मातीत हात घातल्याशिवाय सकाळी तोंडसुद्धा धुवायची नाही.

शेजारची चांगुणा ही वसाहतीतली सगळ्यात तोंडाळ बाई. तिला स्नेहलकडून कळलं. दुपारी ती कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"नवसे, तू मोजू नको. तुला बंदी हाय. घेणाऱ्याला कुठं बंदी हाय? आमी मोजतो!"

"चांगुणे, नको गं बाई…"

"तू तोंड मिट आनि आत जा. स्नेहल, कोरी वही काढ."

तासाभरात ओटा माणसांनी भरला. नवसाबाई खरंच मागं निघून गेली. कानावर पडू नये म्हणून दोडक्याच्या मांडवाखाली खुरपत बसली. पण मांडवाला भिंत कुठं असते? सगळं ऐकू येत होतं.

"लिही," काळू रिक्षावाला म्हणाला. "गिलकी, दोन ट्रक."

"मेल्या, तुझ्या रिक्षात तरी मावतील का दोन ट्रक?" चांगुणा.

"बरं, दोन पाट्या. पन शेपू लिही मात्र बरोबर. आमची बाळंतीण घरात होती, चाळीस दिवस रोज एक जुडी. एक दिवस खाडा नाय. माझी आई गावाला, इथं कोन होतं आमचं?"

हशा थांबला. स्नेहल लिहीत राहिली. एकीनं उपासाचे भोपळे सांगितले, एकीनं मुलीच्या साखरपुड्याची कोथिंबीर. चांगुणानं स्वतःचं सांगताना पहिल्यांदाच आवाज खाली आणला : नवऱ्याशी भांडून दोन दिवस चूल बंद ठेवली होती, तेव्हा नवसाबाईनं वांग्याचं भरीत भाकरीसकट भिंतीवरून दिलं होतं आणि एक अक्षर विचारलं नव्हतं.

शेवटी बयाबाई पुढं आली. तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा तो आठ महिने घरी बसला होता.

"मला आकडा नाय सांगता येनार," ती म्हणाली. "सकाळी दार उघडलं की पायरीवर भाजी. कुनी ठेवली ते दिसायचं नाय. माझ्या हातात दिली असती तर मला लाज वाटली असती, म्हनून पायरीवर. आठ महिने रोज होती, असं लिही."

मांडवाखाली खुरपं थांबलं. नवसाबाईला वाटत होतं, बयाबाईला माहीत नाही. तिनं मातीचेच हात डोळ्यांना लावले. माणसांनी इतकं जपून ठेवलं होतं, आणि ती समजत होती की शिजलं, खाल्लं, संपलं. आपल्यावर एवढी माया आहे हे कळायला साहेबाची नोटीस यावी लागली, याचं तिला हसू आलं आणि रडूही. उठून तिनं गवार खुडली, ओट्यावर आली आणि आलेल्या प्रत्येकाच्या पदरात, पिशवीत मूठमूठ घातली.

"हे लिहू का?" काळूनं डोळा मारला.

"लिहिशील तर बघ!"

वहीची एकोणीस पानं झाली. सह्या सव्वीस, अंगठे नऊ.

पंधराव्या दिवशी ती सगळी माणसं तुमच्या कचेरीत आली. तुम्ही वही उघडलीत, दोन पानं वाचलीत, तिसऱ्यावर थांबलात. मग मिटलीत.

"हे लोकांचं म्हणणं झालं. ठेवून जा, बघू."

चांगुणा तोंड उघडणार तोच नवसाबाईनं तिचा हात धरला. आजवर तिनं कुणाच्या दारात काही मागितलं नव्हतं. ती टेबलाला न टेकता ताठ उभी राहिली.

"बघू नाय, साहेब. तुमी आमच्याकडं एकदा तरी येऊन बघितलं का? नाय. या लोकांनी खाल्लं, त्यांनी लिहून दिलं. आता तुमी तुमच्या कागदावर काय लिहिनार, ते सांगा. मला बस धरायची घाई नाय. सांगा."