पाकिटावरचं उखळ

मी एक जुनं उखळ आहे, मित्रांनो, आणि मला पाय नसले तरी आज माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

कर्जतकडच्या कोंडाणे लेण्यांजवळच्या ठाकूरवाडीत बुधाजीने ऐनाच्या बुंध्यातून मला कोरून काढलं. चिंधी ही त्याची सून. ती माझ्यात भात सडायला लागली की मुसळाचा आवाज अख्ख्या वाडीत जाई. माझं काम साधं होतं. भाताचं टरफल काढायचं आणि दाण्यावरचा लाल कोंडा राखायचा. कौतुक कुणी केलं नाही, पण माझ्यावाचून चूल अडायची.

मग कर्जतचा मनोज आला. त्याला मोबाइलवरून हातसडीचा तांदूळ विकायचा होता. मावशी, तुझे हात आणि तुझं उखळ एवढंच माझं भांडवल, असं तो चिंधीला म्हणाला. तेव्हा ते खोटं नव्हतं. त्याने आम्हा दोघांचा फोटो पाकिटावर छापला आणि खाली लिहिलं, 'चिंधीमावशीच्या हातचा'. वाडीतल्या आणखी बायका सडायला बसल्या. मुंबई-पुण्याहून मागणी येऊ लागली, लोक वाहवा करू लागले. खरं सांगतो, माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

मागणी वाढली तशी मनोजची हाव वाढली. त्याने खोपोलीत गाळा घेतला, ॲप काढलं आणि दोन दिवसांत घरपोच देतो म्हणून कबूल करून बसला. बायकांचे हात कुठून पुरणार? पठ्ठ्याने गिरणीतून भात भरडून आणलं आणि पाकीट मात्र तेच ठेवलं! चिंधीचं काम गेलं. ती रसायनीला मजुरीला जाऊ लागली. पाकिटावर झळकतेस, मग मजुरी कशाला करतेस, असे टोमणे बाजारात तिलाच ऐकावे लागले. आणि मला? मला आतबाहेर रोगण फासून गाळ्याच्या दारात शोभेला मांडलं. अरे, पोटात रोगण गेल्यावर माझ्यात खायचा दाणा कोण सडणार?

काल जाहिरातीच्या चित्रीकरणासाठी मनोजने चिंधीला बोलावलं. काम पुन्हा सुरू होतंय असं समजून बिचारी मजुरी बुडवून आली. तिने माझ्या आत हात फिरवला आणि भात कुठे आहे म्हणून विचारलं.

"भात नको गं मावशी," मनोज म्हणाला. "नुसतं मुसळ वर धर आणि हस थोडी."

चिंधी हसली नाही. "दिवाळीपासून मी एक दाना नाय सडला. काम दे, नायतर माझा फोटू काढून टाक."

"नवी पाकिटं छापून आलीत, मावशी. आता कसा काढू?"

तिने मुसळ भिंतीला टेकवलं, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि चालती झाली. मनोजने मग कॅमेरा माझ्याकडे वळवला. मला पाठ फिरवता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सांगायची आमची रीत आहे. मी नाही सांगणार. जपायचं तर चिंधीचं नाव जपा. तिला काम द्या, नाहीतर त्या पाकिटावरून तिचा चेहरा उतरवा. आणि एवढंही जमत नसेल, तर मला फोडून चुलीत घाला. निदान कुणाचा तरी भात शिजेल.