झाडलेली पाटी

पंचाला मित्र नसावा, असा आमच्या धंद्याचा नियम. मी तो पाळला, एक ऑर्विल टेस्के सोडून.

ऑर्विल बेसबॉलमधला कॅचर. ओहायोच्या खेडवळ लीगमध्ये अकरा वर्षं तो बॅटवाल्यामागे उकिडवा आणि मी त्याच्यामागे ओणवा. तोंडाची टकळी अखंड. चेंडू येता येता बॅटवाल्याला विचारायचा, "सासूबाई अजून मुक्कामाला का रे?" निम्मे तिथेच चुकायचे.

चेंडू उडून मला लागला, की ऑर्विल चेंडू टाकणाऱ्या पिचरशी गप्पा मारायला जायचा, म्हणजे मला कळ जिरवायला वेळ मिळे. त्याला लागला, की मी ब्रश काढून जमिनीत बसवलेली होम प्लेटची पांढरी पाटी झाडत बसायचो. सगळे कॅचर-पंच हे करतात, बोलत कोणी नाही.

चौतिसाव्या वर्षी त्याला मोठ्या लीगनं बोलावलं, तेही पिचरांचा सराव घ्यायला. महिनाभर मैदानात पाऊल नाही. मीही तोवर त्याच लीगमध्ये पोचलो होतो; हंगामाच्या शेवटच्या सामन्यात पंच मीच. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात त्याचा संघ नऊ धावांनी मागे, तेव्हा कुठे त्याला कॅचर म्हणून उतरवलं. समोरचे बाद झाले की बॅटिंगला पहिला तोच. मोठ्या लीगमधली पहिली, आणि बहुधा शेवटची.

दुसराच चेंडू बॅटची कड घेऊन त्याच्या अंगठ्यावर बसला. ऑर्विलच्या संघाचा मॅनेजर उठला. अंगठा पाहिला असता, तर त्यानं ऑर्विलला बाहेरच काढलं असतं.

मी पाटी झाडायला घेतली. झाडली, परत झाडली. प्रेक्षकांतून कोणी ओरडलं, "अहो पंच, आमची ओसरी पण राहिलीय झाडायची!"

"अंगठा आहे का रे?" मी खालमानेनं विचारलं.

"आहे, पण माझा वाटत नाही. झाड लेका अजून."

शेवटी त्यानं मॅनेजरला हसून हात केला, आणि मॅनेजर बसला.

मग ऑर्विल बॅट घेऊन आला. अंगठा बिटासारखा. पिचरनं वेगात टाकला, यानं चार बोटांनी बॅट फिरवली आणि चेंडू सगळ्यांच्या मधोमध टपकन पडला. गुडघे कुरकुरत ऑर्विल पहिल्या बेसवर पोचला आणि लहान पोरासारखा उड्या मारू लागला. मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

पंचानं हसायचं नसतं, रडायचं तर नाहीच. मी ब्रश काढून वाकलो.

समोरच्या संघाचा कॅचर म्हणाला, "पंच, पाटी स्वच्छ आहे की."

"तू जा," मी म्हणालो, "पिचरशी जरा गप्पा मारून ये."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पिचरकडे चालू लागला.