नमस्काळ

"नमस्काळ मॅडम. हो हो, पोळगी घळीच आहे. न्हाऊण राहिली."

न्हाणीघरात दुर्गेश्वरीच्या हातातला तांब्या तसाच थांबला. मोबाईल वाजताना तिने ऐकला होता, पण बाबा तो उचलतील असं वाटलं नव्हतं. शाळेतून फोन होता आणि केवलराम साऱ्या कुडवा गावाला ऐकू जाईल अशा आवाजात शुद्ध मराठी बोलत होते.

त्यांचा जन्म राइस मिलमध्ये गेला. यंत्रांच्या धडधडीवर आवाज चढवता चढवता तो कायमचाच चढला. मिल सुटली तरी खाली आला नाही. बोली झाडीपट्टीची. तिच्यात ळचा र होतो, णचा न. डोळ्याला डोरा म्हणायचं, मासळीला मासोरी. लेक मराठीची मास्तरीण झाली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून बघून केवलरामांनी एवढं हेरलं होतं की आपण जिथे र म्हणतो तिथे शिकलेली माणसं ळ म्हणतात, न म्हणतो तिथे ण. मग शाळेतल्या कुणाशी बोलायची वेळ आली, की जमेल तिथे ते रचा ळ आणि नचा ण करून टाकत. त्यात हात आखडता घेत नसत.

ती केस पुसत बाहेर आली. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"तुही हेडमास्तरीन होती. बरोबर बोललो ना मी?"

"हो, बाबा."

"नमस्काळ म्हनलो तं मॅडम हासली वो. काऊन हासली?"

"तुमचा आवाज मोठा आहे ना, म्हणून."

"मंग कान दूर धराचा ना मॅडमनं," म्हणत ते स्वतःच हसले आणि पिशवी शोधू लागले. मिलमध्ये हंगामात पोती उचलायला येणारा मंगरू आता बोदलकशाच्या तलावावर मासे धरत होता. महिन्यातून एखाद्या दिवशी तिरोड्याची बस पकडून ते त्याच्याकडे जात. मासोरी हे निमित्त. दिवसभर बोलायला माणूस मिळायचा.

चपला घालून ते उंबऱ्यापाशी आले.

"जाऊन राहिलो वो बाई!"

आणि थांबले. हे थांबणं जुनं होतं. रुख्मा, दुर्गेश्वरीची आई, होती तेव्हा या हाकेला घरातून दोन उत्तरं यायची. चुलीपुढून आईचं, "येजा जी!" आणि अंगणातून लहानग्या दुर्गीचं, "येजो बा!" दोन्ही ऐकू आल्याशिवाय सायकल हलायची नाही.

मग दुर्गी डी.एड.ला गेली. होस्टेलमध्ये पहिल्याच संध्याकाळी, जेवते आहे हे सांगायला, म्हणाली, "मी जेवून राहिली." मुली म्हणाल्या, "जेवून कुठे राहिलीस गं?" पुढे कितीतरी दिवस ते चिडवणं चाललं. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली ती 'बाबा' आणि 'तुम्ही' घेऊनच.

"मी का पावना आहो का वो?" केवलरामांनी विचारलं होतं. पण संध्याकाळी मिलमधले हमाल गोळा करून तेच अंगणात घेऊन आले. "बोल ना वो बाई, थोडसं बोल. आयका बे, कशी पुस्तकावानी बोलते!" काय बोलावं ते तिला सुचेना. यंदा थंडी लवकर पडली आहे, असं ती म्हणाली. हमालांनी कीर्तनात डोलवतात तशा माना डोलवल्या.

आई गेली, तिचं उत्तर गेलं. दुर्गेश्वरीचं आधीच बदललं होतं.

"सावकाश या, बाबा," ती म्हणाली.

केवलरामांनी घातलेली चप्पल पुन्हा नीट केल्यासारखं केलं आणि गेले.

संध्याकाळी झिंगे घेऊन आले. ताटावर बसल्यावर म्हणाले, "मंगरू म्हने, तुही पोरगी आमच्यासंग बोलन का? म्हनलो, काऊन नाही बोलन? तिले सारं येते. बोलत नाही, एवढंच."

तिने वर पाहिलं. ते खाण्यात गुंतले होते. तिच्या ओठांशी काहीतरी आलं होतं. ती म्हणाली, "मीठ कमी पडलं का?"

"नाही. बेस झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौकात चहाला निघाले. ती पेपर तपासत होती. जाऊन राहिलो वो बाई. सावकाश या. खालच्या मानेनेच म्हणाली. चारदोन पेपर झाले असतील, तोच समोरच्या निर्मलाबाई अनवाणी धावत आल्या. "दीदी, जल्दी चलो. बाबूजी टपरीपे गिर गए."

टपरीच्या बाकावर त्यांचा चहाचा ग्लास भरलेला होता. वाफ येत होती अजून.

माणसं आली. मॅडम आल्या, कार्य, पुण्याई, मोक्ष असं बोलल्या. गल्लीतल्या बायका हिंदीतून रडल्या. तेरवी झाली आणि घर मोकळं झालं. बोलायला माणसं नव्हती असं नाही. वर्गात पुस्तकातलं, बाजारात हिंदी, फोनवर दोन्हीची खिचडी. दिवसभर तिचं तोंड चालूच असे. पण कुणी 'काऊन' म्हणत नव्हतं. भांडं पडलं तरी कुणी विचारत नव्हतं, का पडलं वो?

एका रविवारी दारात मंगरू उभा राहिला. तेरवीला तापाने अंथरुणावर होता म्हणून आता आला. हातात झिंग्यांची पिशवी. खुर्ची दिली तर पायरीवर बसला, हात जोडले आणि घसा खाकरून म्हणाला,

"नमस्काळ बाई."

दुर्गेश्वरीने खुर्ची बाजूला सारली आणि त्याच्याजवळ पायरीवर टेकली.

"असं म्हना लागते ना? केवलरामनं सांगतलं होतं. तलावाच्या पारीवर बसून मले सिकवे ना तो. रले ळ म्हन, म्हने. नले ण म्हन. माही जीभ वरतच नाही. मंग लय हासे."

"तुम्हाला कशाला शिकवायचे, काका?"

मंगरूने पिशवीची गाठ सोडली, परत बांधली.

"मी बी इचारलो, कायले बे, या उमरीत? तं म्हने, माही पोरगी एकटी पडली त्या बोलीत. घरी कोनी नाही तिच्यासंग तसं बोलाले. आपुन दोघं तरी सिकलो पायजे."

ती आत गेली. चहा टाकला. साखर घातली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातली. मंगरूने तो गोडमिट्ट चहा निमूट प्यायला, कप पायरीच्या कडेला सरकवला आणि उठला.

"जाऊन राहिलो वो बाई."

आणि थांबला. तसाच, पाठ फिरवून, एक पाय पायरीखाली.

सावकाश जा. हे वाक्य तयार होतं, नेहमीच असतं. तिने ते गिळलं.

"येजा जी, काका."

मंगरूने वळून पाहिलं. "हव माय," म्हणाला आणि बस धरायला निघून गेला.

तो वळणावर दिसेनासा झाला तरी ती उंबऱ्यातच होती. टपरीवरून कुणीतरी आणून ठेवलेल्या चपला दाराशी होत्या. डावी थोडी पुढे, माणूस निघता निघता थांबल्यासारखी.

"येजो, बा," ती म्हणाली.

आवाज अगदीच बारीक निघाला. मिलच्या धडधडीत तो कुणाला ऐकू गेला नसता. तिने दाराची चौकट धरली आणि साऱ्या कुडव्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हटलं,

"येजो, बा!"