चारशे सीसीची धाप

थांबा, इंजिनाला हात लावू नका. आत्ताच चढ चढून आलेय, पोळेल. बोलतेय ती मीच, इस्पितळाच्या भिंतीला टेकून जरा तोऱ्यात कललेली, चारशे सीसीची, काळ्या टाकीची मोटारसायकल. वय वर्षं नऊ. माणसांच्या मापाने पंचेचाळिशी उलटली म्हणा. या वयात थोडं वाढवून सांगायची खोड लागते, तेव्हा माझ्या बोलण्यातले दहा टक्के वजा करत चला. उरेल ते खणखणीत खरं.

माझ्या जातीच्या गाड्यांना 'नेकेड' म्हणतात. म्हणजे अंगावर प्लास्टिकचा झगा नाही. इंजिन, नळ्या, नटबोल्ट, सगळं चारचौघांत उघडं. झाकायला काही नसलं की लाजायलाही काही उरत नाही, असं मी मोठ्या ऐटीत सांगत असे. आणि नेमकी माझ्याच पोटात एक वस्तू चार महिने दडून बसली आणि माझा जीव घ्यायला निघाली. तीच हकिकत सांगायचीय.

कारखान्यात मी जन्मले त्या क्षणी भोंगा वाजला. शेजारची गाडी म्हणते तो जेवणाच्या सुट्टीचा होता. तिला म्हणू द्या. शेवटच्या तपासणीला एका चष्मेवाल्या बाईंनी मला पळवून पाहिलं, कान देऊन ऐकलं आणि कागदावर खूण करत म्हणाल्या, "हिचा श्वास छान आहे." ते वाक्य मी जन्मभर मिरवलं.

माझा पहिला मालक विमा कचेरीतला साहेब. पन्नाशी दारात आल्यावर त्याने एकाएकी तरुण व्हायचं ठरवलं. मला घेतलं, चामडी जाकीट घेतलं, गुडघ्यापर्यंत बूट घेतले. एवढा जामानिमा करून आम्ही जायचो कुठे, तर कोपऱ्यावर पाव आणायला. त्याची बायको गॅलरीतून सांगायची, "पोचलात की फोन करा हं." वर्षभरात त्याची कंबर धरली आणि तारुण्य संपलं.

दुसरा मालक लिफ्ट दुरुस्त करणारा. हा खरा माणूस. लिफ्टमध्ये अडकलेला मनुष्य पहिली दहा मिनिटं घड्याळ बघतो आणि नंतर देवाशी बोलू लागतो. आम्ही नेहमी घड्याळाच्या वेळेतच पोचलो, देवापर्यंत प्रकरण जाऊ दिलं नाही. एकदा तर फोन ठेवायच्या आत पोचलो होतो. बरं, यातले दहा टक्के वजा करा. साडेसात वर्षं त्याने माझं ऑइल वेळेवर बदललं, चेनला वंगण दिलं. कंपनीने त्याला व्हॅन दिली तेव्हा त्याने मला विकलं, पण सीटखालची पान्यांची गुंडाळी काढून घेतली नाही. "नव्या माणसाला लागेल," एवढंच पुटपुटला आणि मागे न बघता गेला. मागे बघितलं असतं तर बरं दिसलं नसतं, दोघांचंही.

मग मी आले जुन्या गाड्यांच्या दुकानात. दुकानदार पोटाने मोठा, जिभेने त्याहून मोठा. वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाच्या तोंडाला मधाचं बोट लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. गाड्या मात्र स्वतःच्या हाताने धुवायचा. दुसऱ्या कुणावर त्याचा विश्वास नव्हता. त्याची एक पद्धत होती. सीट काढायची आणि पाण्याचा फवारा मारण्याआधी गाडीच्या हवा ओढायच्या तोंडात फडक्याचा बोळा बसवायचा. आत पाणी जाऊ नये म्हणून. पद्धत चांगली. धुऊन झालं की बोळा काढायचा, हीसुद्धा पद्धत चांगली. माझ्या वेळी या दोन चांगल्या पद्धतींच्या मध्ये एक गिऱ्हाईक आलं. दुकानदार हात पुसत पुढे गेला, परत येऊन माझी सीट बसवली, मला चकचकीत पुसलं आणि रांगेत उभं केलं. बोळा आतच.

मला कळलं होतं हो. नाकात कापूस कोंबलेला कुणाला कळत नाही? पण सांगू कशी?

सपाट रस्त्यावर मी ठीक चालायची. थोडी हवा मिळत होती, थोडक्यात भागत होतं. पण चढ आला, मूठ पिळली, की धाप लागायची. घुर्र, खुर्र आणि ढिम्म. दुकानदाराने प्लग बदलला, पेट्रोल बदललं, हवेचा फिल्टर उघडून पाहिला. तो बिचारा स्वच्छच होता. फिल्टरच्याही पुढच्या बोळकांडीत डोकावायचं कुणाला सुचलं नाही. "म्हातारी झाली," दुकानदार म्हणाला. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला ट्रायल द्यायचा ती फक्त कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत. सपाट रस्ता, जायला एक मिनिट, यायला एक मिनिट.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक. पोरं यायची, माझ्यावर बसून फोटो काढायची आणि निघून जायची. कचेरीतले लोक सगळ्यात आधी ॲव्हरेज विचारायचे. काही जण टायरला लाथ मारून बघायचे. लाथेने काय कळतं देव जाणे, टायरने उलट मारली तर मात्र कळेल. दोघे जण जाणकार निघाले, पंपाऐवजी मला उड्डाणपुलावर घेऊन गेले आणि ढकलत परत आले.

शेवटी दुकानदाराने सुटे भाग विकणाऱ्याला बोलावलं. शनिवारी सकाळी आठ वाजता तो येणार होता. टाकी एकीकडे, चाकं दुसरीकडे, हेडलाइट तिसरीकडे. माझ्यादेखत ठरलं सगळं. मी झाकपाक न करणारी, पण त्या दिवशी वाटलं, कानांवर तरी झाकण हवं होतं.

आणि शुक्रवारी ती आली.

चाळिशीची, सडसडीत, उजव्या गुडघ्याला पट्टा. मागे तिचा थोरला भाऊ, हातात छापील यादी. गाडी घेण्यापूर्वी तपासायच्या एकेचाळीस गोष्टी. बोलण्यातून कळलं की बाई इस्पितळात छातीच्या वॉर्डात श्वासाचे व्यायाम शिकवते. पेशंट तिला श्वासताई म्हणतात. इस्पितळ टेकडीवर. बस पायथ्याशी सोडते आणि पुढे पाऊण तास उभा चढ. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा चढ आता पायी बंद. वरिष्ठ म्हणाले, खालच्या दवाखान्यात बदली घ्या, तिथे माना आणि कमरा शेकायच्या. सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं. वॉर्ड सोडायचा, या कल्पनेनेच तिचा चेहरा उतरला होता.

दुकानदाराने आधी दोनदा स्कूटर दाखवली. भाऊ सातशे सीसीच्या एका धिप्पाड गाडीपाशी घुटमळला. ती म्हणाली, "दादा, ती थांबवायची म्हणजे म्हैस धरण्यासारखं आहे. माझा गुडघा बघ." मग माझ्यावर बसली. दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकले. पायांनी ढकलत मला मागे घेतलं, पुढे घेतलं. गिअर डाव्या पायात, दुखरा गुडघा उजवा, हा हिशेब तिने घरीच करून ठेवला होता. लहानपणी वडिलांच्या मोटारसायकलवर शिकलेली, क्लच कसा सोडला त्यावरूनच मला कळलं.

दादा यादी घेऊन वाकला. चेन बघितली, टायर कोणत्या सालचा ते वाचलं, पुढच्या दांड्यांवर ऑइल गळतंय का ते बोटाने पुसून पाहिलं. एकेचाळिसांपैकी एकोणचाळिसांवर बरोबरची खूण. श्वासताईचा प्रश्न मात्र एकच होता.

"चढाला काय करते?"

"चढाला?" दुकानदार म्हणाला. "ताई, पळते नुसती. चला, पंपापर्यंत ट्रायल घ्या."

"पंप सपाटीवर आहे. मी उद्या सहाला येते. माझ्या वेळेला, माझ्या रस्त्याने, वरपर्यंत नेऊन बघते."

तो म्हणाला, गाडी अशी एकटीने न्यायला देत नाही.

"मग तुम्ही मागे बसा की."

शनिवारी सहाला ती आली. दुकानदार हेल्मेट घालून मागे बसला, तेव्हा माझं मागचं टोक जमिनीला टेकतंय की काय असं झालं. दादा यादीसकट स्वतःच्या स्कूटरवरून मागे. मी मनात म्हटलं, दोन तासांत सुटे भागवाला येणार. आज चढले तर चढले.

पहिलं वळण कसंबसं काढलं. दुसऱ्या वळणावर छाती भरून आली. तिने मूठ पिळली तशी घुसमट वाढली. घुर्र, खुर्र, ढिम्म. थांबलेच. दादाने तिथल्या तिथे यादीवर फुली मारली. दुकानदार उतरून घाम पुसत म्हणाला, "ताई, आता खरं सांगतो. हिची फुप्फुसं गेलीत. स्कूटर घ्या."

तिने हेल्मेट काढलं, मला स्टँडवर लावलं आणि सीटजवळ कान नेला. दुकानदाराला म्हणाली, सुरू करा, मूठ हळूहळू पिळत राहा. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग सायलेन्सरच्या मागे हात धरून पाहिला.

"बाहेर टाकताना काही अडचण नाही," ती म्हणाली. "आत घेताना शिट्टी वाजतेय. दादा, ही म्हातारी झालेली नाही. हिचा श्वास कुणीतरी अडवलाय."

"अगं, गाडी आहे ती, पेशंट नाही," दादा म्हणाला.

"ऐक तर खरं."

दादाने कान लावला आणि मुकाट्याने यादी खिशात घातली.

सीटच्या कुलपात किल्ली फिरली. खाली माझ्या लिफ्टवाल्याची पान्यांची गुंडाळी तशीच होती. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. तिने झाकणाचे दोन बोल्ट काढले, बोळकांडीत दोन बोटं घातली आणि ओढलं. आधी पिवळं टोक आलं, मग आणखी पिवळं, मग लांबच लांब पिवळं, त्यावर तांबडी फुलं. जादूगाराच्या टोपीतून निघावं तसं निघतच राहिलं. साडेतीन मीटर तरी असेल. बरं, सोडा, एक बाही होती. शर्टाची पूर्ण बाही, बटणासकट.

तिने ती बाही दुकानदारासमोर धरली. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा टेकडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "माझाच शर्ट होता. फडकी केली त्याची. एक बाही कुठे गेली म्हणून चार महिने शोधतोय."

एवढा वेळ मी हसू दाबून होते.

झाकण लागलं, सीट बसली. तिने बटण दाबलं आणि काय सांगू तुम्हाला. चार महिन्यांनी पहिल्यांदा छातीभर हवा आत आली. टेकडीवरची, पहाटे धुतलेली, गार हवा. मी ओरडले. खालच्या रस्त्यावरची कबुतरं उडाली, दोन ट्रकांनी वाट दिली, तिसरं वळण मला घाबरून सरळ झालं. दहा टक्के वजा करायचे तर करा, पण हे लिहून घ्या की मागे ते दुकानदाराचं ओझं असून मी तिसऱ्या गिअरमध्ये तो चढ चढले आणि वर पोचले तेव्हा इस्पितळाच्या घड्याळात सहा पन्नास झाले होते. दादाची स्कूटर सात वाजून चार मिनिटांनी आली, धापा टाकत.

गाडीवरून उतरताना श्वासताईने गुडघ्यावर हात ठेवला नाही. ते फक्त मी पाहिलं.

कागदांवर सह्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर झाल्या. दुकानदार दोन जिने चढून आल्यामुळे बोलूच शकत नव्हता, म्हणून तिने त्याच्या हातात तीन चेंडूंचं यंत्र दिलं, ज्यात श्वास ओढला की चेंडू वर जातात. त्याने डोळे बाहेर येईस्तोवर ओढलं. एक चेंडू हलला. तोसुद्धा दयेपोटी. "रोज यायचं," ती म्हणाली. "तुमच्याही बोळकांडीत काहीतरी अडकलंय." रोज नाही, पण दर शनिवारी तो खरंच येतो. परवा दुसरा चेंडू उचलला. सुटे भागवाला त्या दिवशी आठला दुकानात पोचला तेव्हा माझ्या जागी फक्त स्टँडचा ठसा होता.

सोमवारी श्वासताईने वरिष्ठांना काय उत्तर दिलं ते मी सांगायला नको. मी आजही इथेच उभी आहे, छातीच्या वॉर्डाच्या खिडकीखाली, ते काय उगीच? ही जागा माझी आहे. इस्पितळाच्या रखवालदाराने इथे दुसऱ्या कुणाला गाडी लावू दिली तर त्याची खैर नाही, असं वॉर्डातल्या आजोबांनीच त्याला बजावलंय.

कारण सकाळी पावणेसातला मी पहिलं वळण घेते तेव्हा आतले पेशंट उठून बसतात. दर वळणाला माझा आवाज चढला की श्वास आत घ्यायचा, उतरला की हळूहळू सोडायचा. हा व्यायाम श्वासताईने शिकवलेला नाही, त्यांचा त्यांनीच काढलाय. पूर्वी दुसऱ्या वळणापर्यंतच पोचणारे आजोबा आता माझ्यासोबत वरपर्यंत येतात, पलंगावर बसल्या बसल्या.

तेव्हा जुनी गाडी घ्यायला जाल तर एवढं करा. लाथा मारू नका, फोटो काढू नका, यादी हवी तर घ्या. पण तिला तुमच्या रोजच्या चढावर घेऊन जा आणि थांबली तर म्हातारी म्हणण्याआधी कान लावून ऐका. कुणाच्या पोटात कुणाची बाही अडकलेली असते, सांगता येत नाही.

बरं, निघते आता. माझ्या बडबडीत श्वासताईची कामाची अख्खी पाळी संपली, हेल्मेट घालत बाहेर आलीय. उतार काय, कुणीही उतरतं. उद्या पावणेसातला खिडकीत या आणि चढ ऐका.