खाडीच्या वाटेची फाईल

मित्रांनो, मी हायकोर्टातल्या एका याचिकेची जुनी फाईल आहे. बारा वर्षांपूर्वी नामदेव वकिलांनी वाशीच्या आपल्या ऑफिसात मला बांधले. त्या दिवशी रबाळ्याजवळच्या एका गावातून शेवंताबाई आल्या होत्या. त्या खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरत. गावाची खाडीकडे जाणारी वाट एका सरकारी खात्याने भिंत घालून बंद केली होती, त्यामुळे डोक्यावर टोपली घेऊन त्यांना तासभर जास्त चालावे लागे. वाट गावाचीच आहे हे दाखवणारा त्यांच्याकडे एकच कागद होता, सासऱ्यांनी जपलेला जुना नकाशा. तो त्यांनी माझ्या पोटात ठेवला. मला फार अभिमान वाटला.

पहिल्याच तारखेला दोन न्यायमूर्तींनी प्रकरण आस्थेने ऐकले. आता वाट खुली होणार असे वाटत असतानाच त्यांतले एक दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होऊन गेले. कोणते प्रकरण कोणापुढे चालायचे हे आपले मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, आता नव्या दोघांपुढे पहिल्यापासून सांगावे लागेल, असे वकिलांनी शेवंताबाईंना समजावले.

असे चार वेळा झाले. एक मुख्य न्यायमूर्ती परराज्यातून आले आणि सात महिन्यांत वयाची बासष्ट वर्षे भरून निवृत्त झाले. दुसऱ्यांना दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात बोलावले. दर वेळी कामाची वाटणी बदले. मी वकिलांच्या गाडीच्या डिकीतून कोर्टात जाई आणि न उघडताच परत येई. चिडावे तरी कोणावर? शेवटी मला कपाटावर टाकून दिले. वरचा एसी गळत होता.

गेल्या मार्चमध्ये एकदाचा पुकारा झाला. शेवंताबाई सून रंजिताला घेऊन आल्या होत्या. याचिकेला जोडलेली झेरॉक्स पुसट होती, म्हणून न्यायमूर्तींनी मूळ नकाशा मागितला. वकिलांनी मला उघडले, तर नकाशाचा लगदा झालेला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सरकारी दप्तरातून नक्कल आणायला सहा आठवडे मिळाले.

बाहेर आल्यावर वकील मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी आहे, मावशी."

शेवंताबाई म्हणाल्या, "बारा वर्सं मी न्यायाधीस बदलतान म्हनून बोंबलत हाय. कागद तं तुमच्याच कपाटावं व्हता."

रंजिताने मला वकिलांच्या हातातून काढून घेतले. पाच आठवडे खेटे घालून तिने शिक्क्याची नक्कल मिळवली. तोवर पुन्हा मुख्य न्यायमूर्ती बदलले होते. पुढची तारीख अजून लागलेली नाही.

आता मी रंजिताच्या लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकमध्ये असते. दर रविवारी ती माझी पाने तपासते. मित्रांनो, कोणते न्यायमूर्ती येतील आणि किती दिवस राहतील, हे आपल्या हातात नाही. पण कोणी विश्वासाने कागद सोपवला, तर तो कोरडा ठेवा. तो एक नकाशा शाबूत असता, तर कदाचित मार्चमध्येच ती भिंत पडली असती.