माझा फाटका गळा आणि कानिए आजींची खळ

मी बोलतोय असं म्हटलं तर ते जरा खोटंच होईल. बोलणं मला जमत नाही, मी ओरडतो. मी गिटारचा ॲम्प. लाकडी खोका, पोटात काचेचे दिवे आणि तारा, आणि छातीवर कागदाचा एक गोल पडदा. तिकडे कुणी गिटारची तार छेडली की इकडे माझा पडदा थरथरतो आणि भिंतीवरचं घड्याळ खाली येतं. एवढाच माझा धंदा.

जन्म हामामात्सूच्या कारखान्यातला. पहिला मालक लग्नाच्या हॉलमध्ये गोड गोड गाणी म्हणायचा. माझ्या डोक्यावर त्याच्या बायकोनं विणलेला रुमाल असायचा. फार सुखाचे आणि फार कंटाळवाणे दिवस होते ते. हॉल बंद पडला आणि मी गिफूच्या जुन्या बाजारात येऊन पडलो, एका मोडक्या पंख्याशेजारी.

तिथून मला शुंगोनं उचललं. अंगात शाळेचा गणवेश, आणि मला सायकलला बांधलेलं. दारातच त्याच्या आईनं अडवलं. "काय आणलंस हे? फ्रिज असेल तर आत ये, नाहीतर दोघंही बाहेर झोपा."

आम्ही बाहेर झोपलो.

शुंगोनं बँड काढला. ढोल बडवायला मानामी, जाड तारांची गिटार वाजवायला तोकुजी. मानामीची जीभ तिच्या काठ्यांपेक्षा जोरात चालायची. तोकुजी न्हाव्याचा मुलगा, दिवसाला चार शब्द बोलला तर खूप. नाव ठेवलं 'दोरोनाबे', म्हणजे चिखलाचं पातेलं. संगीतही तसंच, जड, संथ, बुडबुडे येणारं. शाळेच्या जत्रेत पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले आणि तिसऱ्याच ठोक्याला मानामीच्या हातातली काठी सुटली. ती थेट माझ्या छातीत. पडदा टर्रकन आडवा फाटला.

मला वाटलं, संपलो. पण शुंगोनं तार छेडली आणि माझ्यातून जो आवाज निघाला तो मीही कधी ऐकला नव्हता. सर्दी झालेला रेडा गुहेत बसून मंत्र म्हणत असावा तसा. मुख्याध्यापकांनी बटण बंद केलं. शुंगोच्या डोळ्यांतून पाणी आलं, आनंदानं. त्या दिवसापासून माझी चीर म्हणजेच बँड.

पुढे बरंच घडलं. कागदाच्या गिरणीतल्या पाण्याच्या चाकाबरोबर आम्ही एक रेकॉर्ड केली. भात शिजताना कुकरला माइक लावून दुसरी केली, ती शेवटी खाल्लीही. ओसाकाला एकदा तीनच माणसं ऐकायला आली होती, त्यातला एक फ्रिज दुरुस्त करायला आला होता. गावात कुणी ओळखत नव्हतं, पण बेल्जियममध्ये कुणीतरी लिहिलं, 'तो घोगरा आवाज ऐकून माझ्या दाढीतला केस न् केस उभा राहिला.' शुंगोनं ते वाक्य आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "त्याला डॉक्टरला दाखव म्हणावं."

आमची तालीम चालायची मिनो गावातल्या एका जुन्या शेडमध्ये. पूर्वी तिथे कागद वाळवायचे. शेड कानिए आजींची, आणि आजींचं घर भिंतीला भिंत लागून. दारांखिडक्यांच्या लाकडी जाळ्यांना काचेऐवजी कागद चिकटवण्यात आजींची हयात गेली होती. तुतीच्या सालीचा कागद, तांदळाची खळ आणि रुंद कुंचला. गावात एकही फाटकी खिडकी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही.

आता शेजारी गोंगाट करायचा तर आधी जाऊन कमरेत वाकायचं आणि काहीतरी गोड द्यायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. आमचे तिघं दर तालमीआधी चेस्टनटच्या मिठाईचा डबा घेऊन आजींच्या दारात उभे.

"आज पुन्हा त्रास देणार आहोत, आजी. माफ करा."

"छे रे, त्रास कसला! छान वाजवता हो."

पण घेतलं की परत द्यायचं, हीसुद्धा रीतच. आजी कधी मुळ्याचं लोणचं द्यायच्या, कधी वाळवलेली पर्सिमनची फळं. तरी पारडं मिठाईकडेच झुकलेलं. ते ओझं आजींना बोचत होतं.

एका दमट आठवड्यात शुंगोनं माझ्या पुढचं कापड उन्हात टाकलं आणि शेड उघडी ठेवून जेवायला गेला. आजी लोणचं घेऊन आल्या. त्यांना माझी छाती दिसली.

"अगं बाई! केवढं फाटलंय हे बाळाचं!"

मी ओरडलो असतो, पण गिटार जोडलेली नव्हती. आजी पळत जाऊन खळ घेऊन आल्या. चिरेवर इतक्या मायेनं कागद बसवला की कड हाताला लागेना. इतका गुळगुळीत अपमान माझा कधी झाला नव्हता.

शुंगोनं आल्यावर तार छेडली. लग्नाच्या हॉलमधला आवाज आला. गोड.

नागोयाचा कार्यक्रम रविवारवर आलेला. बेल्जियमहून दौरे ठरवणारी एक बाई खास तो घोगरा आवाज ऐकायला येणार होती. तिला पटलं तर युरोपचा दौरा, नाहीतर तोकुजीनं सांगूनच टाकलं होतं, "बाबांचं दुकान. कायमचं." तोकुजी गेला की पातेलं गार.

"फाडून टाक ना परत," मानामी म्हणाली.

"आजींनी दिलेली भेट? त्या नागोयाला येणार आहेत, पहिल्या रांगेत बसायला! त्यांच्या डोळ्यांदेखत?"

मग त्यांनी काय केलं? जाऊन आभार मानले. मोठ्ठा डबा देऊन. आजींवर ओझं वाढलं. दुसऱ्या दिवशी आजींनी मानामीच्या खुळखुळणाऱ्या ढोलाचं चिरलेलं कातडं आतून कागदानं लिंपलं. पुन्हा आभार, त्याहून मोठा डबा. मी मनात म्हटलं, हा बँड शत्रूमुळे बुडणार नाही, आभार मानून मानून बुडेल.

रविवारी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये शेवटची तालीम होती. आजी ठेवणीतला किमोनो नेसून, कानात कापूस घालून पुढे बसल्या. शुंगोनं तार छेडली. मी कोकिळेसारखा गायलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजींनी एका कानातला कापूस काढला. "कोण वाजतंय हे?"

"आपलाच ॲम्प, आजी. तुम्ही फार सुंदर केलात त्याला."

"सुंदर केला ते मला ठाऊक आहे. तो रेडा कुठे गेला? भिंतीपलीकडून रोज हंबरायचा तो?"

मानामी म्हणाली, "आजी, तुमचे उपकार..."

"उपकार गेले खड्ड्यात! तो मुद्दाम फाटका ठेवला होता का?"

शेवटी तोकुजी म्हणाला, "हो."

"आणि ढोल?"

"तोही."

आजींनी बाही तोंडावर धरली. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. हसत होत्या. "मेल्यांनो, आणि वर मला डबे आणून दिलेत? खरं सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही तरी कधी खरं सांगितलंत, आमच्या गोंगाटाबद्दल?" मानामी म्हणाली.

"ते वेगळं." आजींनी दुसराही कापूस काढला. "पहिली दोन वर्षं तुमची वीज जावी म्हणून मी रोज देवाला हात जोडत होते. आता तालीम नसली तर दुपारी डोळा लागत नाही."

त्या उठून माझ्यासमोर गुडघे टेकून बसल्या. खळ सुटावी म्हणून शेजारच्या कपातल्या चहात बोट बुडवून कागदाच्या कडेवरून फिरवलं. "चीर आडवी होती ना?"

"आडवी. जरा डावीकडे उतरती," शुंगो म्हणाला.

"जन्मभर चिकटवतच आले रे. फाडायला कुणी बोलावलंच नाही." आणि आजींनी ओढलं. टर्रर्र! "एवढं पुरे?"

"अजून थोडं..."

'थोडं' आजींना ऐकू आलं नाही, किंवा मजा यायला लागली होती. आधीच्या चिरेच्या दुप्पट फाडलं. शुंगो पांढराफटक पडला. तरी त्यानं तार छेडली.

जुना रेडा परत आला नाही. त्याचा आजोबा आला. वरचा एक दिवा निखळून लोंबकळला. कॉफीचा पेला घेऊन दारात उभी असलेली बेल्जियमची बाई होती तिथेच जमिनीवर बसली, आणि कॉफी सांडली तरी उठेना.

तोकुजीच्या दुकानात आता त्याचा धाकटा भाऊ केस कापतो. मी एका परक्या देशातल्या रंगमंचावर उभा आहे. दौऱ्यावर निघताना आजींनी माझ्या पाठीवर कागद डकवलाय, कुंचल्यानं मोठ्या अक्षरांत लिहून. इथे तो कुणाला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवतो: 'फाटलेलं आहे. हात लावाल तर मी येईन. कानिए.'

तेव्हा माझी एकच विनंती. वाटेत कुणी दयाळू, कनवाळू, हातात डिंकाची बाटली असलेला माणूस दिसला, तर त्याला माझ्यापासून लांब धरून ठेवा. चला, गिटार जोडतायत. कानांवर हात ठेवा.